पॉम्पेई की हर्क्युलेनियम? हाताशी एकच दिवस असेल तर

इटलीतल्या नेपल्सला जाणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पडतच नाही. सहलीच्या यादीत पॉम्पेई असतं, हर्क्युलेनियम नसतं. दोन्ही रोमन गावं व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकात गाडली गेली, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. आज तिथे काय बघायला मिळतं हे त्या तऱ्हेवरच ठरलंय, म्हणून तिकिटाआधी ती गोष्ट.

इ.स. 79. दुपारी डोंगर फुटला. खाडीपलीकडच्या मिसेनमहून 17 वर्षांच्या धाकट्या प्लिनीने (नंतरचा रोमन लेखक) आभाळात चढलेला ढग पाहिला आणि पुढे पत्रात त्याला छत्रीसारख्या पसरणाऱ्या पाइन वृक्षाची उपमा दिली. त्याचा मामा, आरमारप्रमुख थोरला प्लिनी, जहाजं घेऊन मदतीला निघाला आणि स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मेला. (महिना कोणता, यावर अजून वाद आहे. पत्राच्या प्रचलित प्रतींनुसार 24 ऑगस्ट. पण 2018 मध्ये पॉम्पेईतल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबरची तारीख सापडली आणि बऱ्याच अभ्यासकांनी ऑगस्ट सोडून दिला.)

त्या दिवशी वारा आग्नेयेकडे वाहत होता आणि पॉम्पेई नेमकं त्याच दिशेला. टाचा घासायला आपण जो हलका, सच्छिद्र दगड वापरतो, तसल्या खड्यांचा तिथे जवळपास अठरा तास पाऊस पडला. सुमारे तीन मीटर थर साचला, त्याच्या वजनाने छपरं कोसळली. ज्यांनी लवकर गाव सोडलं त्यांतले बरेच वाचले असावेत. घरात दडून बसलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेच्या लोटांनी गाठलं.

हर्क्युलेनियम पश्चिमेला, डोंगराच्या पॉम्पेईपेक्षा जवळ. पण वारा उलट दिशेचा, त्यामुळे दिवसभर तिथे जेमतेम राख पडली. मध्यरात्रीनंतर डोंगरावर उठलेला राखेचा उंच स्तंभ स्वतःच्याच भाराने ढासळला आणि धगधगता लोट उतारावरून काही मिनिटांत गावात शिरला. एकामागून एक असे लोट येत राहिले आणि गाव सुमारे वीस मीटर खाली गेलं. पुढे त्या थराचा दगड झाला.

पॉम्पेईत आज भिंती दिसतात, पण बहुतेक ठिकाणी वर आभाळच. हर्क्युलेनियमच्या उष्णतेने लाकूड जाळून संपवलं नाही, त्याचा कोळसा केला, आणि कोळसा कुजत नाही. म्हणून तिथे दुसरे मजले उभे आहेत. दाराच्या चौकटी, पलंग, बाळाचा पाळणा, एका घरात दिवाणखान्याची घडीची लाकडी आडभिंत, हे सगळं मिळालं. एका आलिशान वाड्यात सुमारे 1800 पपायरस गुंडाळ्यांचे जळके अवशेष सापडले. न उलगडता, संगणकाच्या मदतीने त्या वाचायचं काम आता सुरू आहे. 2023 मध्ये असा पहिला शब्द लागला : ग्रीकमधला ‘जांभळा’.

पॉम्पेईचं वजन दुसरीकडे आहे. 66 हेक्टरचं अख्खं शहर, त्यातला एक तृतीयांश भाग अजून मातीखाली. चौक, देवळं, सुमारे वीस हजार माणसं मावतील असं दगडी रंगमंडल, रस्त्याकडेची खाणावळींची दुकानं, बेकऱ्या, निवडणुकीच्या प्रचाराने रंगवलेल्या भिंती. रस्ता ओलांडायला मांडलेल्या उंच दगडांमधून गाड्यांच्या चाकांच्या खाचा दिसतात. शहर कसं चालायचं हे पाहायला याला तोड नाही. हर्क्युलेनियमचा उघडा भाग जेमतेम साडेचार हेक्टर. उरलेल्या गावावर आजचं एर्कोलानो वसलंय, माणसं राहताहेत, खणणार कुठे?

मुलं बरोबर असतील तर एक विचार आधी करा. पॉम्पेईत राखेच्या थरात शरीरं कुजून पोकळ्या उरल्या होत्या. 1863 पासून जुझेप्पे फिओरेल्लीने त्यांत प्लास्टर ओतून साचे घडवले. तोंड झाकलेली माणसं, वळलेला कुत्रा. हर्क्युलेनियममध्ये जुन्या उत्खननांत सांगाडे फारच थोडे निघाले, त्यामुळे गाव निसटलं असाच समज होता. 1980 नंतर किनाऱ्यावरच्या होड्या ठेवायच्या कमानींत सुमारे 300 सांगाडे मिळाले, होडीची वाट बघत एकमेकांना बिलगलेले. मला साचे पाहताना कुतूहल वाटतं, त्या कमानींपुढे मात्र बोलवत नाही.

नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय तिसरा पर्याय नाही, ते दोन्हींचा अर्धा भाग आहे. अलेक्झांडरच्या लढाईचं मूळ मोझाइक तिथे आहे, पॉम्पेईच्या घरात त्याची प्रतिकृती. मराठी माणसाने तिथे एक हस्तिदंती मूर्ती आवर्जून शोधावी. 1938 मध्ये पॉम्पेईत मिळालेली ही वीतभर उंच भारतीय बाई ‘लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला सापडल्या आहेत. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

मग जायचं कुठे? अर्धाच दिवस असेल, गुडघे कुरकुरत असतील, सोबत आई-बाबा असतील, तर सरळ हर्क्युलेनियम. दोन-अडीच तासांत नीट बघून होतं. पूर्ण दिवस आणि पायांत दम असेल तर पॉम्पेई, पण दोन तासांची धावती भेट असेल तर मी जाणार नाही. तेवढ्या वेळात चौक आणि गर्दीच दिसते. दोन्ही जमत असतील तर माझा क्रम उलटा : आधी हर्क्युलेनियम. तिथे छप्पर, जिना, दार पाहिलेलं असलं की पॉम्पेईच्या उघड्या खोल्यांवर डोळे आपोआप छप्पर घालतात. फक्त भर उन्हाळ्यात हे करू नका, दुपारी पॉम्पेईत सावली मिळत नाही.

पॉम्पेईत नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला वीस हजारांचीच मर्यादा आहे, तिकीट आधी काढा. दोन्हीकडे नेपल्सहून सोरेंटोला जाणारी एकच लोकल जाते. हर्क्युलेनियमसाठी ‘एर्कोलानो स्कावी’ला उतरून समुद्राच्या दिशेने सरळ उतारावर चालत राहायचं. पॉम्पेईसाठी ‘पोम्पेई स्कावी’ हेच नाव वाचून उतरा. नुसतं ‘पोम्पेई’ नावाचं स्टेशन वेगळं आहे, आणि तिथून उत्खननाचं मुख्य दार लांब पडतं.