बिलात दोन सीकॉक, बोटीत एक

बोट लहान आहे, साडेपाच मीटरची, फायबरची. मागच्या बाजूला जिवंत आमिषाची टाकी आणि डेक धुवायला एक पंप बसवायचा, एवढंच काम होतं. ज्याला दिलं तो गोडबोल्या, आणि खोटं कशाला सांगू, दिसणारं काम त्याने सुरेख केलं. टाकीचं झाकण, स्विचची पट्टी, डेकवरचा नळ, सगळं चकाचक. हात मारला तो टाकीच्या मागे, जिथे माझी मान वळत नव्हती तिथे.

बिल समोर ठेवूनच लिहितोय. ब्राँझचे सीकॉक दोन, म्हणजे बोटीच्या तळाच्या भोकावर बसणारे, पाणी बंद करायचे कॉक. आमिषाच्या टाकीचा पंप, ताशी ८०० गॅलन, नवीन. डेकसाठी डायफ्रॅम पंप. टिनचा मुलामा असलेली वायर, स्टेनलेसचे क्लॅम्प. एका ओळीचा अपवाद सोडला तर सगळं खोटं. डायफ्रॅम पंप तेवढा खरा होता.

पहिल्याच हंगामात मासे मरायला लागले. विचारलं तर उत्तर तयार, "साहेब, तुम्ही टाकीत भरता जास्त." मला पटलंसुद्धा, कारण दोन-चार वेळा खरंच जास्त भरले होते. मग एक गोष्ट लक्षात आली. डेक धुवायला नळ सोडला की टाकीत येणारी धार बारीक व्हायची, कधी पार बंद पडायची, आणि नळ बंद केल्यावरही परत यायची नाही. पंपाचा आवाज मात्र चालूच. हा पुन्हा तयार, "हवा धरतो तो, स्वभावच आहे त्याचा."

अर्धसत्य ते हेच. आमिषाच्या टाकीचा पंप सेंट्रिफ्युगल असतो. आतली पाती पाणी फेकते, ओढून घेत नाही. म्हणून तो पाणरेषेच्या खालीच बसवावा लागतो, आणि एकदा हवा शिरली की नुसता गरगरतो. डायफ्रॅम पंप उलट स्वभावाचा. तो स्वतः पाणी ओढतो, पाणरेषेच्या वर बसवला तरी चालतो, नळ बंद केला की दाबाचा स्विच त्याला थांबवतो. आता हे दोघे तळाच्या एकाच भोकावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून जोडले तर काय होणार? जोरदार गडी आधी पाणी ओढतो, दुसरा उपाशी राहतो. त्याच्या नळीतलं पाणी उलटं खेचलं गेलं तर टाकीच्या बाजूने हवाही आत येते. माझ्या बोटीत नेमका हाच टी होता. तळाला दुसरं भोक पाडलेलंच नव्हतं. बिलातला दुसरा सीकॉक फक्त कागदावर.

हे कळलं दुसऱ्या हंगामाच्या शेवटी. बोटीच्या पोटात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा बिल्जचा पंप बोट नुसती उभी असतानाही मधूनमधून चालू व्हायला लागला, म्हणून टॉर्च आणि दाढीचा आरसा घेऊन टाकीमागे आडवा झालो. आधी टी दिसला. मग त्याच्या खालचा कॉक. त्याचा दांडा फिरवायला गेलो तर बोटांना गुलाबी भुकटी लागली. हात तिथेच थांबवला, हे नशीब. बोट पाण्याबाहेर काढली आणि मग पाना न लावता, नुसत्या हाताने कॉक बाजूला ओढला. तो खाऱ्या बिस्किटासारखा तुटला. तुटलेली कड विटकरी, आतून भुसभुशीत. न खाल्लेल्या जागी कानस मारली तर पिवळंधमक. ते ब्राँझ नव्हतंच, साधं पितळ होतं, वरून ग्रीस फासलेलं. पितळात जस्त असतं, खारं पाणी ते जस्त खाऊन टाकतं आणि मागे तांब्याची पोकळ जाळी उरते. तिचा रंग असा गुलाबी.

पाणरेषेखाली ३० सेंटीमीटरवर २५ मिलीमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी आत येतं. हे गणित मी नंतर केलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही. सीकॉक म्हणून जे विकतात त्याने ५०० पाउंडांचा आडवा जोर ३० सेकंद सोसावा, अशी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात अट आहे. म्हणजे जवळपास सव्वादोनशे किलो. माझ्या कॉकने माझा एक हातही सोसला नाही. शिवाय तो सीकॉक नव्हताच. थ्रू-हलच्या, म्हणजे तळातून आरपार जाणाऱ्या तोटीच्या, सरळ आट्यांवर निमुळत्या आट्यांचा साधा बॉल व्हॉल्व्ह पिळला होता. असल्या जोडीत दोन-तीन आटेच धरतात.

पंपाची गंमत वेगळीच. २० लिटरची बादली भरायला सव्वा मिनिट लागलं, म्हणजे मिनिटाला १६ लिटर. बिलातल्या ८०० गॅलनांच्या हिशोबाने ५० हवे होते. लेबलावरचा आकडा उंची शून्य धरून मोजलेला असतो, नळी वर चढली की तो घटणारच, पण इतका? मोटरचा भाग उघडून धुतला, तेव्हा लेबलाचा कोपरा सुटला. खाली दुसरं लेबल. त्यावर ५००. पात्याच्या कडा झिजलेल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बोटीतून निघालेला माल. क्लॅम्पांना चुंबक लावला, तर पट्टीला नाही पण स्क्रूला चटकन चिकटला. स्क्रू साध्या लोखंडाचे, गंजून सुजलेले. वायरीचं टोक सोललं तर आत काळवंडलेलं तांबं, टिनचा पत्ता नाही.

दुसऱ्या कारागिराने काम सुरू करायच्या आधी सगळे सुटे भाग माझ्यासमोर टेबलावर मांडले, सीकॉकवर पोटाच्या बाजूला कानशीचा एक ओरखडा मारून आतला तांबूस रंग दाखवला, आणि म्हणाला, "फोटो काढा, मग बसवतो." पूर्वी मला असं मागायची लाज वाटली असती. त्याने दोन वेगळी भोकं पाडली, आमिषाच्या पंपाची नळी कुठेही खोलगट न होता टाकीपर्यंत सलग चढती नेली, डायफ्रॅम पंपाच्या तोंडाशी जाळी लावली. तीही बिलात होती. बोटीत कधीच नव्हती.

पहिल्याला तुटलेल्या कॉकचे आणि दोन्ही लेबलांचे फोटो पाठवले. पंपाचे पैसे परत दिले, "माल पुरवणाऱ्यानेच फसवलं" म्हणत. कॉकबद्दल म्हणाला, तुम्हीच जोर लावून तोडला. दुसऱ्या सीकॉकबद्दल विचारलं त्या दिवसापासून फोन उचलत नाही.