जर्मन फिल्टर म्हणून ५९,३०० रुपयांना गंडलो, घरी माशांचा मोठा टँक असेल तर वाचा

आधीच सांगतो, मी काही अडाणी माणूस नाही. भोसरीत मेंटेनन्सला आहे, २१ वर्षं पंप, मोटर, व्हॉल्व्ह हेच करतोय, कंपनीत नवा पंप आला की आधी नेमप्लेट वाचतो आणि मगच चलनावर सही करतो. आणि त्याच मला माझ्याच हॉलमध्ये, माझाच चहा पिऊन, एका पंचविशीतल्या पोराने टोपी घातली. बायको म्हणाली लिहू नका, लोक हसतील. हसू देत.

टँक सहा बाय दोन बाय दोन फूट, घर धायरीत. नुसत्या मापाने ६८० लिटर होतात, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ५८० च्या आसपास. आत मासे म्हणजे दोन ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर आणि एक प्लेको. ऑस्कर ज्यांनी पाळलाय त्यांना सांगायला नको, खातो कुत्र्यासारखा आणि हगतो म्हशीसारखा. चार वर्षं दोन टॉप फिल्टर आणि एक मोठा स्पंज एवढ्यावर चाललं होतं, पण पाणी पिवळट दिसायचं, तळाशी घाण साचायची, दर रविवारी बादल्या आणि पाइप घेऊन माझी कंबर जायची. म्हणून ठरवलं की एकदाच काय ते चांगलं घेऊ.

अभ्यास केला होता हो मी. टँकचं सगळं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, ऑस्करसारखी घाणेरडी जात असेल तर सहाच्या वरच धरा, म्हणजे मला तासाला साडेतीन हजार लिटर तरी हवं होतं. एवढ्या टँकला खरं तर संप (टँकखाली ठेवायची दुसरी टाकी, पाणी तिच्यात गाळून पंपाने परत वर जातं) बेस्ट हे पण माहीत होतं, पण भरलेल्या टँकच्या काचेला भोक पाडता येत नाही, आणि वरून ओव्हरफ्लो बॉक्स (काठावर अडकवून सायफनने पाणी खाली उतरवणारा डबा) लावायचा तर लाइट जाऊन आली की सायफन तुटून हॉलभर पाणी होईल ही बायकोची भीती, ती काही चुकीची नव्हती. म्हणून दोन मोठे कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर, घ्यायचे ठरले. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

जिथून खाणं घेतो त्या दुकानात कॅनिस्टरची चौकशी करत होतो तर शेजारी उभं असलेलं हे पोरगं बाहेर माझ्या मागे आलं. "काका, एवढ्या टँकला दुकानातला माल नका घेऊ, मी घरी येऊन बघतो, व्हिजिट फ्री." फ्री म्हटलं की आपण पुणेकर विरघळतो, काय करणार.

शनिवारी आला. टेपने माप घेतलं, वहीत लिहिलं, मग केशरी पाऊचमधून टीडीएस मीटर काढून टँकमध्ये बुडवलं. ५१०. चेहरा असा केला जसं काही रिपोर्ट वाईट आलाय. "काका, पाणी विष झालंय. मासे आतून सडतायत." अहो, आमच्या सोसायटीला बोअर आणि टँकरचं मिक्स पाणी येतं, जड पाणी, नळातूनच साडेचारशेच्या वर येतं! खडकवासल्याचं मऊ पाणी ज्यांच्याकडे पूर्ण वेळ येतं त्यांचा आकडा कमी असतो, एवढाच काय तो फरक. टीडीएसमध्ये पाण्यात विरघळलेले क्षार दिसतात, अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, दिसत नाही. अमोनियाला थेंब टाकायचं वेगळं टेस्ट किट येतं. आणि सगळ्यात लाज कशाची, तर काही वर्षांपूर्वी आरओ विकणारा माणूस पाण्यात दोन सळया घालून करंट देऊन पाणी तपकिरी करून दाखवत होता तेव्हा मीच अख्ख्या मजल्यावर फिरून सांगितलं होतं की हे लोखंड झिजतंय, पाणी खराब नाही. तोच मी इथे मान डोलावत बसलो.

हिशोब असा. दोन 'जर्मन' कॅनिस्टर २२,००० प्रमाणे ४४,००० (एमआरपी म्हणे ३१,५००), आठ किलो 'जपानी' सिरॅमिक मीडिया (फिल्टरमध्ये भरायचे तुकडे, ज्यावर बॅक्टेरिया बसतात) ९,६००, बॅक्टेरियाची बाटली ३,२००, फिटिंग २,५००. टोटल ५९,३००. त्यातले ३५,००० यूपीआयने ॲडव्हान्स आणि २४,३०० फिटिंगच्या दिवशी कॅश, "बिल नको काका, जीएसटी कशाला भरताय". यूपीआय करताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं, कुठल्यातरी मोबाइल ॲक्सेसरीजवाल्याचं. विचारलं तर "मेव्हण्याचं अकाउंट आहे". आणि मी पिन टाकला. स्क्रीनवरचं नाव आणि समोरचा माणूस जुळत नसेल तर पिन टाकू नका, मेव्हणा असो नाहीतर साडू.

पण ते पण सोडा. खरी माती खाल्ली फिटिंगच्या दिवशी. खोकं बारकं, आत थर्माकोल तुटलेला, सिरियल नंबरचं स्टिकर नाही. कॅनिस्टर बाहेर काढले आणि प्लग बघितला तर चपट्या पिनांचा. जर्मनीत आपल्यासारख्याच गोल पिना असतात हो! त्याने खिशातून कन्व्हर्टर काढला, जसा काही तो रोजच काढतो. मग मी सवयीने पंपाच्या डोक्याकडची नेमप्लेट बघितली. २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २४०० लिटर प्रति तास. वाचलं मी ते. नीट वाचलं, चष्मा लावून वाचलं. आपल्याकडे ५० हर्ट्झ, जर्मनीतही ५० हर्ट्झ, तिकडच्या घरात वापरायच्या पंपावर ६० कशाला छापतील? आणि असली छोटी सिंक्रोनस मोटर ६० ची असेल तर ५० वर तिचा स्पीड सरळ सहावा हिस्सा कमी होतो, ३६०० आरपीएमची ३००० होते, पाणी त्याच प्रमाणात कमी आणि हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, तर त्याहून जास्त पडतं. हे मी कंपनीत ट्रेनी पोरांना फळ्यावर शिकवतो!

विचारलं मी त्याला, "हे साठ का रे?" तो वर न बघता म्हणाला, "एक्स्पोर्ट मॉडेल आहे काका, दोन्हीवर चालतं." आणि मी म्हणालो, "अच्छा."

ते "अच्छा" अजून रात्री कानात वाजतं. का म्हणालो? कारण ३५,००० आधीच गेले होते, कारण त्याचे दोन्ही पाइप टँकमध्ये उतरले होते, कारण माझा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, कारण बायको पोह्यांच्या डिश घेऊन उभी होती आणि तिच्यासमोर "मी फसलो बहुतेक" हे तोंडातून निघत नाही. तुमच्याही निघालं नसतं, उगाच शहाणपणा नको.

जाताना त्याने अजून एक काम केलं ज्याची भरपाई पैशात होत नाही. "जुना स्पंज आणि टॉप फिल्टरचा मीडिया फेकून द्या, रोगाचं घर आहे ते." फेकला. अमोनिया पचवणाऱ्या ज्या बॅक्टेरियांवर टँक चार वर्षं चालत होता ते सगळे कचऱ्याच्या गाडीत गेले. नवा फिल्टर कितीही भारी असू दे, जुना त्याच्या जोडीला चार ते सहा आठवडे चालू ठेवायचा, नव्यात कॉलनी बसल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. ती ३,२०० ची बाटली म्हणजे पिवळं पाणी होतं, झाकण उघडल्यावर गुळाचा वास यायचा.

पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. सहाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चार तास लाइट गेली, आली तेव्हा एका कॅनिस्टरमध्ये हवा अडकून तो नुसता घरघरत होता आणि मी कंपनीत. नवव्या दिवशी सकाळी मोठा ऑस्कर आडवा. चार वर्षांचा होता, हातातून खायचा, मी ऑफिसहून आलो की काचेवर येऊन थांबायचा. तेव्हा कुठे अमोनियाचं किट आणलं, ४ पीपीएम. म्हणजे एवढे पैसे उधळले आणि ते किट आणलं मासा मेल्यावर. दोन दिवसांत तीन सिल्व्हर डॉलर पण गेले.

मग डोकं फिरलं आणि सगळं उघडून बसलो. पाइपचं तोंड २० लिटरच्या बादलीत धरून मोबाइलवर वेळ लावली. ८० सेकंद. म्हणजे तासाला ९०० लिटर. मीडिया काढून रिकामा चालवला तरी ६५ सेकंद. आता कुठल्याही फिल्टरवर छापलेला आकडा रिकाम्या डब्याचा आणि उंची न धरता असतो, मीडिया भरून, टँकच्या उंचीवर पाणी चढवून तो बराच कमी येणार हे मान्य, पण २४०० चे ९००? पंपाच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरंच नाव छापलेलं. मीडियावर लिंबू पिळलं तर फसफसलं. म्हणजे चुनखडीसारखं काहीतरी भाजलेलं, जे पाणी अजून जड करतं आणि पीएच वर नेतं, आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मीडिया घेताना आधी चार तुकड्यांवर लिंबू पिळा, विक्रेत्यासमोर पिळा, तोंड बघा त्याचं.

त्याचा फोन अर्थातच बंद.

आता पुढची कथा. चौकीत गेलो. हवालदारांनी आधी विचारलं, "मासे मेले म्हणून आलात?" मी म्हटलं नाही हो, ५९,३०० गेले म्हणून आलो. "बिल?" नाही. "मग फसवणूक कशावरून?" दोन्ही पंप पिशवीत घालून नेले होते, टेबलावर ठेवले, ६० हर्ट्झ दाखवले. ते म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं चारशेवीस नाही का लागत, तर हसून म्हणाले, "साहेब, चारशेवीस गेलं, आता ३१८." म्हणजे कलमाचा नवा नंबर पाठ आहे पण लावायचं नाही! दुसऱ्या फेरीला सांगितलं की त्याने गोडाऊन जिथलं सांगितलं ते दुसऱ्या कमिशनरेटमध्ये येतं, तिकडे जा. तिकडे गेलो, ते म्हणाले पैसे तुमच्या घरातून गेले, तिकडेच जा. झिरो एफआयआर कुठेही घेता येते असं वाचलं होतं, तसं म्हणालो तर "मग तुम्हीच लिहा" म्हणाले. तीन रजा गेल्या. शेवटी एका साध्या अर्जावर शिक्का मारून पोच मिळाली, तीही झेरॉक्स माझ्या खर्चाने, आणि झेरॉक्सवाला जेवायला गेलेला.

बँकेचं वेगळंच. "सर, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे हे अनऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन नाही." अहो पण फसवून टाकायला लावलाय ना! "सर, तुमचा फीडबॅक नोंदवलाय." फीडबॅक! जेवण बरं नव्हतं म्हणून आलोय का मी? समोरच्या खात्याचं नाव माझ्या स्क्रीनवर आलं, यांच्याकडे सगळा तपशील आहे, पण सांगणार नाहीत, प्रायव्हसी. प्रायव्हसी चोराची, आणि माझं आधार कार्ड मात्र प्रत्येक टेबलावर मागितलं, पाच कॉप्या दिल्या मी पाच.

यात माझी चूक सांगतो, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लगेच करायचा असतो, पैसे समोरच्या खात्यात असतील तर थांबवता येतात. मी फसलोय हे मान्य करण्यातच दहा दिवस घालवले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण बिलाशिवाय आणि पत्त्याशिवाय नोटीस कुणाला पाठवणार? १८ टक्के वाचवायला गेलो होतो ना मी. बिलावर जीएसटी नंबर असेल तर तो सरकारी साइटवर टाकून बघा, दोन मिनिटं लागतात.

सध्या टँक बनवणाऱ्याकडून तीन फुटी संप करून घेतलाय, ओव्हरफ्लो बॉक्स, साधा रिटर्न पंप आणि पाइपला वरती सायफन तोडायचं बारीक भोक, सगळं मिळून १३,४०० रुपये, पक्कं बिल. बायकोला समोर उभं करून तीनदा मेन स्विच बंद करून दाखवला, एक थेंब बाहेर आला नाही. उरलेला ऑस्कर आता खायला लागलाय.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. परवा चौकीतून निघताना तेच हवालदार म्हणाले, "अजून दोघं-तिघं घेऊन या, मग साहेबांपुढे ठेवता येईल." म्हणजे माझा तपास मीच करायचा. तर सिंहगड रोड, वारजे, कोथरूड भागात कुणाकडे असा उंच, सावळा, डाव्या हातात कडं घातलेला पोरगा केशरी पाऊचमधलं टीडीएस मीटर घेऊन "काका, पाणी विष झालंय" म्हणत येऊन गेला असेल, तर लाजू नका, कळवा. माझ्या अर्जाची पोच तयार आहे, दोन्ही पंप गॅलरीत पिशवीत बांधून ठेवलेत, शनिवारी सकाळी मी पुन्हा चौकीत जाणार आहे.