बाबांची बॅट लिलावाला दिली तेव्हा

३१ ऑक्टोबर १९८७. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, आणि नंतर अंगात ताप असताना गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केले. वनडेतलं त्यांचं ते एकमेव शतक. बाबा त्या दिवशी मैदानावर होते. ओळखीतून संघाच्या सह्यांची एक छोटी बॅटही त्यांनी मिळवली. गावसकरांची सही ओली असतानाच बाबांचा अंगठा लागला, त्याचा निळा डाग शेवटपर्यंत तसाच राहिला.

बाबा गेले, महालातल्या घराचा स्लॅब गळायला लागला, आणि मी ती बॅट विकायला काढली. मुंबईच्या एका ऑक्शन हाऊसचा माणूस सीताबर्डीच्या हॉटेलात जुन्या वस्तू पाहायला आला होता. डाग बघून म्हणाला, "काका, ह्या डागामुळेच तर अस्सल वाटते. तीन लाखांच्या खाली जाणार नाही." नंतर हाच आकडा व्हॉट्सॲपवरही पाठवला. करार नऊ पानांचा, इंग्रजीत. राखीव किमतीचा, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही त्या आकड्याचा, रकाना कोरा होता. "तो ऑफिसात भरतो आम्ही," म्हणाला. मी सही केली. माझी प्रतही तेव्हाच मागून घेतली नाही, ही दुसरी चूक. ती आली पंधरा दिवसांनी, आणि त्या रकान्यात लिहिलं होतं 'राखीव किंमत नाही'.

ऑनलाइन लिलाव मी रात्री जागून पाहिला. बोली ६२ हजारांवर थांबली ती थांबलीच. पैसे कधी? करारात होतं, खरेदीदारानं रक्कम भरल्यावर ४५ दिवसांनी. म्हणजे त्यानं भरलीच नाही तर माझे ४५ दिवस सुरूच होत नाहीत. हे कलम मी सही करताना वाचलं होतं, कळलं मात्र नव्हतं. सात महिने फोन केले. शेवटी १८ टक्के कमिशन, त्यावर जीएसटी, सह्यांचं प्रमाणपत्र, फोटो आणि विमा कापून हातात आले ३८ हजार ५३१. मित्र म्हणाला, "काहून बे, एवढा शिकलेला तू!"

खरा दणका चार महिन्यांनी बसला. त्याच हाऊसचा नवा कॅटलॉग आला, त्यात माझी बॅट. फोटो मोठा करून पाहिला तर गावसकरांच्या सहीवर तोच अंगठा. 'एका जुन्या संग्राहकाकडून', अंदाजे अडीच ते तीन लाख, राखीव किंमत दोन लाख. माझ्या वेळी बोली कोणी जिंकली, हे 'गोपनीय'. त्यांच्याच माणसानं घेतली, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण संशय जात नाही. अमेरिकेत बिल मास्ट्रो हे क्रीडावस्तूंच्या लिलावातलं बडं प्रस्थ. आपल्याच लिलावांत खोट्या बोल्या लावल्याचं आणि होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूच्या चित्राच्या प्रसिद्ध कार्डाच्या कडा कापल्याचं त्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. तिथे भाव वाढवायला खोट्या बोल्या लागल्या. माझ्या बाबतीत रकाना कोरा ठेवून भागलं.

कोणी अशी वस्तू देत असाल तर राखीव किंमत स्वतःच्या हातानं, आकड्यात आणि अक्षरात लिहा आणि प्रत तिथल्या तिथे घ्या. पैशांची मुदत लिलावाच्या तारखेपासून मोजायला लावा. हाऊसचे लोक स्वतः बोली लावू शकतात का, हे लेखी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर वस्तू पिशवीत घालून घरी या. आणि वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. माझ्याकडे डागाचा फोटो होता, तोही भाचीनं गंमत म्हणून काढलेला, म्हणून निदान भांडता येतंय.

करारात 'वाद फक्त मुंबईत' असं होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, असं वकिलांनी सांगितलं. त्याप्रमाणे नागपुरातच केली आहे. व्हॉट्सॲपवरचे ते तीन लाखही जोडलेत. तारखा पडताहेत.

बॅटसोबत मी त्या सामन्याचं फाटकं तिकीटही पाठवलं होतं. 'किरकोळ' म्हणून त्यांनी ते परत केलं. त्याच्या मागे बाबांनी पेन्सिलीनं लिहिलंय: पेट्रोल, तर्री पोहे २ प्लेट.