रागदारीवरचं कापड: मागावर विणावं, कशिद्यात काढावं की छापून घ्यावं?

भूप आणि देशकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार आणि संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा) धैवत, देशकारात नेमकं उलट. तेवढ्या फरकाने एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी बसतो, दुसरा सकाळी. शास्त्रीय संगीतावर कापडाची मालिका काढायची असेल तर सुरुवात इथून करा. पाच रंगांचं सूत घ्या, तेच पाच रंग दोन्ही कापडांत वापरा, फक्त प्रमाण बदला. दोन कापडं शेजारी ठेवल्यावर वेगळी वाटली तर तुमचं डिझाइन उभं राहिलं. तंबोरा नि तबल्याची चित्रं छापायला राग समजावा लागत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते कळतं.

कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. तेव्हा इथल्या माणसाला गाणं शोधत लांब जावं लागत नाही. मागही जवळच आहेत. प्रश्न एवढाच की यंत्रमाग, इरकलचा हातमाग, कशिदा आणि डिजिटल छपाई यांतलं आधी काय धरायचं.

यंत्रमाग: बेळगावातले शहापूर, वडगाव, खासबाग

तालाचं गणित सगळ्यांत सरळ उतरतं ते ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत. तीनतालाच्या 16 मात्रा, मात्रेला 6 धागे, म्हणजे एक आवर्तन (तालाची एक फेरी) 96 धाग्यांचं. 60 नंबरची फणी (दोन इंचांत 60 घरं), घरात दोन धागे, म्हणजे इंचाला 60 धागे, आवर्तन 1.6 इंचांचं होतं. अशी 28 आवर्तनं घेतली की 2688 धागे, दोन्ही किनारींना 24-24 धरून एकूण 2736. फणीत रुंदी 45.6 इंच, मागावरून उतरल्यावर पन्हा 43 च्या आसपास.

आता रंग. सम (पहिली मात्रा) सर्वांत गडद, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळीची म्हणून त्याहून थोडी हलकी. खालीला (टाळी न देता हात मोकळा दाखवतात त्या मात्रेला) बरेच जण चुकतात. नववी मात्रा खालीची खरी, पण ठेक्यात डग्गा (डाव्या हाताचा तबला) गप्प होतो तो दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत: तिं तिं ता, ता. म्हणून नवव्या मात्रेपाशी फणीचं एक घर रिकामं सोडा आणि 10 ते 13 या मात्रांचा रंग त्याच जातीचा पण फिका ठेवा; तेराव्याची टाळी त्या फिक्यात दोन गडद धाग्यांनी दाखवता येते. दोन-तीन घरं सोडण्याचा मोह होतो. ती जाळी दिसते छान, पण दोन धुण्यांत शेजारचे धागे त्या मोकळ्या जागेत सरकतात. एक घर पुरे. 28 आवर्तनांत 28 घरं वाढतात, फणीत जवळपास एक इंच, तो आधीच हिशेबात धरा.

खरी गडबड ताणी करताना, म्हणजे उभे धागे बीमच्या रुळावर गुंडाळताना होते. क्रीलवर (सुताचे कोन लावायच्या चौकटीवर) 384 कोन लावले तर प्रत्येक पट्टीत चार आवर्तनं बसतात आणि सात पट्ट्यांत 2688 धागे पुरे होतात. क्रील 300 चीच असेल तर 288 लावा, तीन आवर्तनं. अशा नऊ पट्ट्या आणि शेवटची 96 ची. जागा आहे म्हणून 300 च्या 300 कोन भरले की 12 धागे जास्त येतात, म्हणजे प्रत्येक जोडावर दोन मात्रा जादा. हे बीमवर दिसत नाही. पहिले चार हात कापड विणून झाल्यावर दिसतं, आणि तोवर सूत गुंडाळून झालेलं असतं.

चौकडा हवा असेल तर ड्रॉप बॉक्सचा (वेगवेगळ्या रंगांचे धोटे ठेवायचे डबे असलेला) माग लागतो. साध्या मागावर बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) रंग मध्येच बदलत नाही. बॉक्स एकाच बाजूला असेल तर प्रत्येक रंगाचे पिक (आडवे धागे) सम संख्येत हवेत, नाहीतर धोटा पलीकडच्या बाजूला अडकतो. रूपकाचे विभाग 3-2-2. मात्रेला 5 पिक धरले तर पहिला विभाग 15 चा होतो आणि काम तिथेच थांबतं. 6 धरा: 18, 12, 12.

ताण्याला 2/80 (80 नंबरचं दुपेडी), बाण्याला 40 नंबरचं सूत आणि इंचाला 52 पिक धरले तर 100 मीटरला वाया जाणारं धरून साधारण 9 ते 10 किलो सूत लागतं. बीम भरला की ताण्याचा रंग बदलता येत नाही, हा यंत्रमागाचा मोठा तोटा. त्यावर तोडही तिथेच आहे: ताण्यात ताल ठेवा, बाण्यात राग. एकाच तीनतालाच्या बीमवर बाणा बदलत तीन-चार कापडं काढता येतात. गवयी तरी वेगळं काय करतो?

लाल सूत पांढऱ्याशेजारी असेल तर विणण्याआधी दोन्हींची लडी एकत्र बांधून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पांढरं गुलाबी झालं तर रंगाऱ्याकडे परत.

इरकल

इथे एकाच साडीपुरता ताणा होतो. अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा फासे अडकवून जोडतात, त्यामुळे असा जोडलेला, म्हणजे तोप-तेनी पदर हवा असेल तर दर साडीला ताणा वेगळा लावावा लागतो. ज्याला सहाच साड्या काढायच्या आहेत त्याला हे वरदान. भाव अर्थातच वर जातो.

पदराला हात लावू नका. तीन लाल पट्टे आणि मधले दोन पांढरे ही त्याची ओळख. तिथे झपताल बसवायला गेलात तर घरातल्या बायकाच म्हणतील, हे इरकल नव्हे. काठही गोमी, परास, गाडी यांतलाच ठेवा. तुमचं काम अंगातल्या उभ्या रेघांत किंवा चौकड्यांत. आणि इरकलला भौगोलिक मानांकन आहे, यंत्रमागावरच्या नकलेला ते नाव देऊ नका.

कशिदा

धारवाडकडच्या या कशिद्यात, म्हणजे कसूतीत, टाके चार: गवंती, मुर्गी, नेयगी, मेंथी. नक्षी कापडावर छापत नाहीत, धागे मोजून काढतात. संगीताशी सर्वांत जवळचा टाका गवंती. धावदोरा एक घर सोडून एक घर भरत पुढे जातो, मग त्याच वाटेने मोकळी घरं भरत निघाल्या जागी परत येतो. आवर्तन समेवर येतं तसं. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते, गाठ कुठेच नाही. मुर्गी पायरीपायरीने चढते-उतरते, तिच्यात आरोह-अवरोह छान बसतात: भूपाचे पाच स्वर म्हणजे पाच पायऱ्या, वर्ज्य मध्यम-निषादाच्या जागी लांब उडी.

बिघडतं ते दोन कारणांनी. नक्षीला फाटा फुटतो आणि परतीची वाट आखलेली नसते. मग सुई मध्येच अडकते आणि मागच्या बाजूला लांब धागा दिसतो. म्हणून आलेखाच्या कागदावर जातानाची वाट एका रंगाने, परतीची दुसऱ्याने आखून घ्या. दुसरं कारण कापड. वर सांगितलेल्या 60 बाय 52 च्या कापडावर 30 बाय 30 धाग्यांची नक्षी अर्धा इंच रुंद आणि 0.58 इंच उंच येते, डोळ्याला ताणलेली वाटते. कशिद्यासाठी दोन्हीकडे सारखी गणती असलेलं कापड घ्या, नाहीतर वर मॅटी (मोजायला सोपं जाळीदार कापड) टाचून काढा आणि नंतर तिचे धागे ओढून टाका. नेयगी नि मेंथी उलट्या बाजूने सारख्या येत नाहीत, म्हणून दुपट्ट्याला नकोत.

छपाई

पाच-दहा मीटरही मिळतं, रंग हवे तेवढे, आठवड्यात हातात. पण कापडाला आधी द्रव्य लावून, छापून, वाफ देऊन धुतलेलं आहे का, हे विचारा. वाफेची पायरी टाळली की रिॲक्टिव्ह रंग पहिल्याच धुण्यात उतरतो. स्वरलिपी छापायची असेल तर जास्त जपा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. अक्षर बारीक केलं की ती नाहीशी होते आणि भैरवाचा (कोमल रे-ध) बिलावल (सगळे शुद्ध) होतो. आरशासारखी उलटी रिपीट (नक्षीची पुनरावृत्ती) घेतली तर अक्षरं उलटी येतात. पारंपरिक बंदिश चालेल. 1992 साली गेलेल्या कुमारजींच्या स्वतःच्या रचना मात्र 2052 अखेरपर्यंत कॉपीराइटमध्ये आहेत, वारसांच्या परवानगीशिवाय त्या कापडावर नकोत.

मग कुठून सुरुवात?

कुर्ते नि ड्रेस मटेरियल विकायचं असेल, शंभर-दोनशे मीटर खपण्याची खात्री असेल, तर यंत्रमाग. गिऱ्हाईक मोजकं पण जाणकार असेल तर इरकल. कशिद्यावर आख्खी मालिका उभी करू नका, हाताला वेळ लागतो आणि दिवाळीची ऑर्डर गुढीपाडव्याला पोचते. विणलेल्या कापडाच्या गळ्याला किंवा दुपट्ट्याच्या टोकाला तो ठेवा. छपाई रंगांची जुळणी तपासण्यापुरती वापरली तर पैसे वसूल: बीम भरण्याआधी दोन मीटर छापून भिंतीला टांगा, दहा फुटांवरून सम दिसते का बघा.

ताणी करणाऱ्याला कागद देताना त्यावर 'तीनताल' लिहू नका. धाग्यांचा क्रम आकड्यांत लिहा, प्रत्येक आकड्यापुढे त्या रंगाच्या सुताचा तुकडा चिकटवा, आणि 96 ची बेरीज खाली ठळक टाका. समोरचा मराठी बोलो की कन्नड, एवढ्यात भागतं.