पुण्यातली ‘पोस्ट-लँडिंग सपोर्ट’ पॅकेजेस : एफ-१ स्टेटस सांभाळायला कितपत उपयोगी?

फर्ग्युसन रस्त्यापासून बाणेरपर्यंत परदेशी शिक्षणाचं कुठलंही ऑफिस घ्या, माहितीपत्रकात ‘पोस्ट-लँडिंग सपोर्ट’ अशी एक ओळ हमखास सापडते. कुठे ती मुख्य फीमध्ये धरलेली असते, कुठे तिचे वेगळे पैसे लावतात. साचा मात्र बहुतेक ठिकाणी तोच: निघण्याआधी हॉलमध्ये एक सेमिनार, चेकलिस्टची पीडीएफ, आधीच्या बॅचच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ‘काही अडलं तर सरांना फोन करा’ हे आश्वासन, आणि पुढे टॅक्सचे व ओपीटीचे (शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करण्याच्या परवानगीचे) अर्ज भरून देण्याची सोय. हे परीक्षण एखाद्या ऑफिसचं नाही, अमेरिकेला एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांसाठीच्या या साच्याचं आहे. मत आधीच सांगून टाकतो. विमानात बसेपर्यंतची सेवा चांगली मिळत असेल तर जरूर घ्या; उतरल्यानंतर ‘स्टेटस आम्ही सांभाळू’ म्हणून कोणी जास्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

एफ-१ विद्यार्थ्याचं स्टेटस, म्हणजे तिथे कायदेशीर राहण्याचा दर्जा, ज्या नोंदीवर उभं असतं ती सेव्हिस या सरकारी प्रणालीत असते. विद्यापीठाच्या बाजूने त्या नोंदीला हात लावायचा अधिकार फक्त डीएसओला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो. पुण्यातल्या सरांना ती नोंद दिसतसुद्धा नाही. शिवाय इमिग्रेशनच्या प्रकरणात कायदेशीर सल्ला देणं हे अमेरिकेत वकिलाचं किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचं काम आहे. म्हणजे ‘सपोर्ट’ म्हणून जे विकलं जातं ते जास्तीत जास्त आठवण करून देणं. तेवढंच धड केलं तरी पुष्कळ, पण तिथेही गडबड आहे.

सेमिनारपासून सुरुवात करू. बँक, विमा, सामान, फोनचं सिम, पहिल्या आठवड्याचं घर हा भाग बहुतेक ठिकाणी चांगला सांगतात. नावाच्या घोळाबद्दलही सांगायला हवं, ते क्वचितच सांगतात. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तिकडे कोणी दोन्ही मिळून पहिलं नाव धरतं, कोणी वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून टाकतं, आणि आय-२० (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं अधिकृत प्रमाणपत्र), बँक, सोशल सिक्युरिटी कार्ड अशा तीन कागदांवर तीन तऱ्हा होतात. पुढे नोकरी लागताना कंपनी ई-व्हेरिफायवर (कामाची परवानगी पडताळणाऱ्या सरकारी प्रणालीवर) नाव तपासते तेव्हा हेच आडवं येतं. उपाय एकच: पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे. आय-२० हातात आली की पहिल्या पानावरची आडनाव आणि गिव्हन नेमची ओळ पासपोर्टशेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. चूक असेल तर सेव्हिसची ३५० डॉलर फी भरण्याआधी आणि डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरण्याआधी दुरुस्त करून घ्या.

सेमिनारमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे ‘व्हिसा पाच वर्षांचा आहे, काळजी नको’. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारात उभं राहण्याची परवानगी. आत राहण्याची परवानगी ठरते आय-९४ च्या, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीवर आणि चालू आय-२० वर. व्हिसाची मुदत तिकडे असताना संपली तरी स्टेटस शाबूत राहू शकतं. उलट पाच वर्षांचा कोरा करकरीत व्हिसा पासपोर्टमध्ये असताना दुसऱ्याच सेमिस्टरला स्टेटस जाऊ शकतं. म्हणून उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सरकारच्या आय-९४ च्या साइटवर जाऊन नोंद उतरवून घ्यायची आणि तीन गोष्टी पाहायच्या: प्रवेशाचा वर्ग एफ-१ आहे ना, पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना, आणि मुदतीच्या जागी ‘डी/एस’ आहे की तारीख. डी/एस म्हणजे नियम पाळत शिक्षण चालू आहे तोवर. ही पद्धत बदलून ठराविक मुदत देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला, त्यामुळे सिनियरच्या कागदावर काय होतं त्यावर विसंबू नका, स्वतःच्या नोंदीवर काय छापलंय ते वाचा. वर्ग चुकून भलताच पडला असेल तर डीएसओला लगेच कळवा. दुरुस्ती सीबीपीच्या (सीमेवर प्रवेश तपासणाऱ्या खात्याच्या) कार्यालयातून होते, कन्सल्टंटकडून नाही.

‘गणपती करूनच निघतो’ ही खास आपल्याकडची अडचण. आय-२० वर कार्यक्रम सुरू होण्याची तारीख असते. त्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून प्रवेश करता येतो, पण तारीख उलटून गेल्यावर तीच आय-२० घेऊन विमानतळावर गेलात तर परत पाठवलं जाऊ शकतं. उशीर होणारच असेल तर डीएसओकडून आधी परवानगी आणि सुधारित तारखेची आय-२० घ्या, मग तिकीट काढा. पोहोचल्यावर डीएसओकडे हजेरी लावून सेव्हिसमध्ये नोंदणी होणं ही पुढची पायरी. त्यासाठी कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवस असतात. कॉलेजची ऑनलाइन फी भरली म्हणजे नोंदणी झाली असं नव्हे.

आता चेकलिस्टची पीडीएफ. बऱ्याच पीडीएफमध्ये ‘किमान १२ क्रेडिट’ एवढंच लिहिलेलं असतं. ते पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी. पुण्यातून जाणारी बरीच मुलं एमएसला जातात, आणि तिथे पूर्ण भार किती ते विद्यापीठ ठरवतं. साधारणपणे ९ क्रेडिट. दर सेमिस्टरला पूर्ण भारात ऑनलाइन विषय एकच, किंवा ३ क्रेडिटपुरताच धरतात. घरात बसून दोन ऑनलाइन कोर्स आणि एक वर्गातला अशी जुळवाजुळव करून ९ केले, तर हिशेबात ६ च उरतात.

खरं संकट येतं विषय सोडताना. मिडटर्म बिघडली, जीपीए वाचवायचा म्हणून पोर्टलवर जाऊन एक विषय ‘ड्रॉप’ केला, आणि क्रेडिट नऊवरून सहावर. पोर्टल अडवत नाही, कारण ते बटण सगळ्यांसाठी असतं. भार कमी करायचा असेल तर डीएसओची मंजुरी सेव्हिसमध्ये आधी पडावी लागते, विषय नंतर सोडायचा. हा क्रम उलटा झाला की स्टेटस गेलं. मंजुरीची कारणंही मोजकी आहेत: सुरुवातीच्या काळात इंग्रजीची किंवा तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची अडचण, चुकीच्या पातळीचा विषय पदरी पडणं, आजारपण, किंवा शेवटच्या सेमिस्टरला तेवढेच विषय शिल्लक असणं. अभ्यासाच्या कारणाने सवलत शिक्षणाच्या एका पातळीवर (पदवी, मास्टर्स) एकदाच, आणि तेव्हाही निम्मा भार घ्यावाच लागतो. आजारपणात डॉक्टरच्या पत्रावर एका पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत. ‘विषय कठीण आहे, प्रोफेसर कडक आहेत’ हे यात कुठेच बसत नाही.

पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचं, हे पीडीएफमध्ये असतं आणि तरी विसरलं जातं, कारण पहिल्या वर्षी मुलं दोन-तीनदा घर बदलतात. आय-२० ची शेवटची तारीख जवळ आली आणि प्रबंध राहिला असेल तर मुदतवाढ तारखेच्या आत मागायची. नापास झाल्यामुळे प्रोबेशनवर आहे, एवढं कारण मुदतवाढीला चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा पॅकेजमधला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात धोकादायक भाग. रूममेट शोधायला, जुनी गादी विकायला उत्तम. कामाबद्दलचे सल्ले मात्र तिथे घेऊ नका. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ, एवढंच. दोन विभागांत दहा-दहा तास चालतील, पंधरा-पंधरा नाही. तास एकत्र मोजतात. देशी रेस्टॉरंटमध्ये किंवा पेट्रोल पंपावर रोखीने काम, मित्राच्या नावावर डिलिव्हरी अ‍ॅप चालवणं, शनिवार-रविवार कुणाची तरी वेबसाइट करून देणं हे सगळं अनधिकृत. ‘सगळेच करतात, कोणी विचारत नाही’ हे उत्तर ग्रुपवर अर्ध्या मिनिटात येतं. पुढचं कोणी लिहीत नाही. बाकी कारणांनी स्टेटस गेलं तर, कारण आवाक्याबाहेरचं असेल आणि पाच महिन्यांच्या आत आय-५३९ (स्टेटस परत मागण्याचा) अर्ज केला तर, ते परत मिळण्याची शक्यता असते. अनधिकृत काम केलेलं असेल तर तो रस्ता बंद होतो.

सीपीटीबद्दलही (शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) तेच. एरवी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर, अभ्यासक्रमाशी जोडलेली इंटर्नशिप असेल तर, कंपनीचं नाव आणि तारखा आय-२० च्या दुसऱ्या पानावर छापून आल्यानंतरच कामावर पाऊल टाकायचं. ऑफर लेटर आलं, मॅनेजर म्हणाला सोमवारपासून ये, आय-२० गुरुवारी मिळणार आहे, तर गुरुवारनंतरच जायचं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पातळीची ओपीटी हातची जाते. ११ महिन्यांवर थांबणारे लोक उगाच थांबत नाहीत.

ओपीटीचा अर्ज भरून देण्याचे पैसे सगळ्यात जास्त घेतात, आणि भरून देण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस टाकायची, मग विद्यार्थ्याने स्वतःच्या ऑनलाइन खात्यातून आय-७६५ (कामाच्या परवानगीचा अर्ज) भरायचा. अर्जाची खिडकी कार्यक्रम संपण्याच्या ९० दिवस आधी उघडते आणि संपल्यानंतर ६० दिवसांनी बंद होते, पण शिफारस पडल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. पुण्यातून भरून घेणाऱ्यांचा घोळ इथेच होतो: शिफारस आली, कागद ई-मेलने गेले, इकडे दिवाळीची सुट्टी, आणि तीस दिवस निघून गेले. दुसरा घोळ खात्याचा. खातं कन्सल्टंटच्या ई-मेलवर उघडलेलं असेल तर सरकारने मागितलेल्या जास्तीच्या पुराव्याची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. ई-मेल, पासवर्ड, पत्ता, तिन्ही विद्यार्थ्याचेच हवेत.

ओपीटी सुरू झाली की बेकारीचे दिवस मोजायला लागतात: एकूण ९०. स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांसाठीची) २४ महिन्यांची वाढ मिळाली की आणखी ६०, म्हणजे सगळे मिळून १५०. याच भीतीपोटी ‘आम्ही तुम्हाला पेरोलवर दाखवतो’ म्हणणारे लोक भेटतात, आणि काही पॅकेजेसमध्ये त्यांचा दुवा ‘प्लेसमेंट पार्टनर’ म्हणून दिलेला असतो. काम नसताना कागदोपत्री नोकरी दाखवणं ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती पुढे व्हिसाच्या किंवा एच-१बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) वेळी उघडी पडते. स्टेमसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये लागते, आय-९८३ वर प्रशिक्षणाचा आराखडा लागतो, पगार लागतो, आणि दर सहा महिन्यांनी डीएसओकडे माहिती द्यावी लागते. हे कोणी बाहेरून ‘करून’ देऊ शकत नाही.

टॅक्सची सोय मध्यम. एक पैसा कमावला नसला तरी फॉर्म ८८४३ पाठवायचा असतो, हे बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत. कमाई असेल तर १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र). रहिवाशांसाठीचं टर्बोटॅक्स हे सॉफ्टवेअर इथे चालत नाही, आणि ‘मित्राने भरून दिलं’ प्रकारात बहुतेकदा रहिवासी म्हणून चुकीचा फॉर्म जातो. विद्यापीठं अनेकदा स्प्रिंटॅक्स या अनिवासींसाठीच्या टॅक्स सॉफ्टवेअरचा कोड देतात. आधी तो विचारा.

पुण्याच्या ऑफिसचा खरा उपयोग सुट्टीत घरी आल्यावर होतो. व्हिसा संपलेला असेल तर नवा अमेरिकेत मिळत नाही; त्यासाठी मुंबईच्या अपॉइंटमेंट घ्याव्या लागतात, बोटांचे ठसे वेगळे, बीकेसीतली मुलाखत वेगळी. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची माफी बहुतेकांसाठी बंद झाली आणि अर्ज आपल्याच देशात किंवा राहत्या देशात करायचा असं ठरलं, त्यामुळे कॅनडा-मेक्सिकोत शिक्का मारून घ्यायची जुनी युक्ती विसरा. जून २०२५ पासून सोशल मीडियाची खाती खुली ठेवायला सांगतात. तारखांवर रोज लक्ष ठेवणं, डीएस-१६० तपासणं ही कामं चांगलं ऑफिस नीट करतं आणि त्याचे पैसे रास्त आहेत. मात्र तिकडून निघण्याआधी आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासासाठीची सही ताजी आहे का, ते तुम्हीच पाहा. ती वर्षभर चालते, ओपीटीवर असाल तर सहा महिने. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पुण्यातून ती मिळवून देणारं कोणी नाही.

एक गोष्ट कुठल्याच पॅकेजमध्ये दिसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद झाल्या. कित्येकांच्या बाबतीत कारण वाहतुकीचा गुन्हा किंवा मिटलेली पोलिस केस एवढंच होतं. पुढे महिनाअखेरीस त्या परत सुरू करण्यात आल्या, तेही कोर्टातल्या दाव्यांनंतर. पोलिसांशी कसलाही संबंध आला तर कागद जपून ठेवा, डीएसओला सांगा आणि वकील गाठा. त्या वेळी ‘सरांना फोन’ करून वेळ घालवू नका.

तरी पॅकेज घ्यायचंच असेल तर चेक देण्याआधी काउंटरवर विचारा: माझी क्रेडिट कमी झाली तर तुम्ही नेमकं काय करणार? ‘आधी डीएसओकडे पाठवू’ असं उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे. ‘आम्ही मॅनेज करू’ असं आलं तर फक्त सेमिनारची पावती घ्या आणि बाहेर पडा.