पहिली रोड बाइक: कोरी सात गिअरची, की वापरलेली क्लॅरिसवाली?

पंचवीस-तीस हजारांत पहिली रोड बाइक घ्यायची ठरली, की फिरून फिरून माणूस दोन पर्यायांपाशी येऊन थांबतो. एक, दुकानातली कोरी सायकल. पुढे दोन चेनचाकं, मागे सात, हातात बिल आणि महिन्याभराने एक फुकट सर्व्हिसिंग. दुसरा, कुणीतरी दोन वर्षं चालवून (खरं तर बाल्कनीत ठेवून) विकायला काढलेली, शिमानो कंपनीच्या क्लॅरिस ग्रुपसेटची (ग्रुपसेट म्हणजे गिअर-ब्रेकच्या भागांचा संच). मी दोन्ही घेतल्या, आणि नेमक्या याच क्रमाने. उलट क्रमाने घेतल्या असत्या तर दुसरी घ्यावीच लागली नसती.

फ्रेमबद्दल फार बोलत नाही. या पैशांत दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमच मिळतं. वजनात किलोभराचा फरक असेल, पण माझ्या पोटाकडे बघता त्यावर मी बोलणं शोभत नाही. रंग कोऱ्या सायकलचा चांगला होता.

तिचे गिअरचे खटके मात्र हँडलच्या मधोमध, स्टेमच्या (हँडलला पुढच्या नळीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना होते. दुकानासमोरच्या गल्लीत चक्कर मारली तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. गल्ली सपाट होती आणि रविवारची सकाळ होती. खरा प्रकार कळला पिरंगुटचा घाट उतरून खाली आल्यावर. तिथे कंपन्यांच्या बस, मधूनच वळणारे टेम्पो, आणि पट्टे पुसलेला गतिरोधक, जो दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. अशा वेळी दोन गोष्टी एकदम करायच्या असतात: ब्रेक दाबायचा आणि गिअर हलका करायचा. ब्रेक पुढे हूडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर), गिअर मध्ये स्टेमपाशी, आणि हात दोनच. एक हात सोडला की पुढचं चाक खड्ड्यात शिरताना हँडल एकाच हातात. नाही सोडला तर गतिरोधक ओलांडल्यावर उभं राहून जड गिअर रेटायचा.

ही तक्रार बारीक वाटेल. मलाही वाटायची. सवय होईल म्हणून वर्षभर चालवली, आणि सवय झालीसुद्धा, फक्त भलतीच. पावसाळ्यानंतर एकदा मागचं चाक काढून फ्रीव्हील रॉकेलने धुतलं, तर सात चकत्यांपैकी मधल्या दोन घासून लख्ख झालेल्या, आणि उरलेल्या पाचांवर कारखान्यातला काळसर थर जवळपास तसाच. म्हणजे चौदा गिअरच्या सायकलचे पैसे देऊन मी वर्षभर दोन गिअरची सायकल चालवत होतो. हात सोडायचा कंटाळा, म्हणून गिअर बदलायचा नाही. गिअर बदलायचा नाही, म्हणून चढावर गुडघ्यावर जोर. बोपदेव घाटात शेवटच्या वळणांवर डावा गुडघा बोलायला लागायचा, तो सोमवारी ऑफिसच्या जिन्यातही बोलत राहायचा.

मग सुधारणांचा काळ सुरू झाला. यातल्या काही सुधारणा मी आजही डोळे मिटून सुचवीन, कोरी घ्या नाही तर जुनी. सगळ्यात आधी ब्रेकची रबरं आणि केबल. सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक इथेच पडतो, आणि उतारावर जीव शांत राहतो. मग टायर. २५ मिलिमीटरचे काढून २८ चे घातले, हवा थोडी कमी ठेवली, तर आपल्या रस्त्यांवर सायकल खडखडायची थांबते. टायर घेण्याआधी ब्रेकमध्ये आणि फ्रेममध्ये त्यांना पुरेशी जागा आहे का, ते मात्र बघा. सीट ज्याची त्याने ठरवावी, त्यात मी पडत नाही. क्लिपवाली पायडल (ज्यांत बूट अडकून बसतो) मी फार लवकर घेतली आणि सिग्नलला रिक्षाच्या शेजारी उभ्या उभ्या आडवा झालो. ते पैसे वाया गेले असं म्हणत नाही, पण रिक्षावाल्याची करमणूक माझ्या खर्चाने झाली.

एवढं करूनही गिअर होते तिथेच. त्यांना ब्रेकच्या लिव्हरमध्ये आणायचं ठरवलं, तेव्हा अडलं. सरळ मार्ग एकच: शिमानोच्या टूर्नी मालिकेतले सात गिअरचे लिव्हर. ते बसतात आणि हात हूडवरच राहतो. फक्त त्यात एका दिशेचा गिअर अंगठ्याने आतलं बटण दाबून बदलावा लागतो, आणि हात खाली वळणदार भागात असताना ते बटण अंगठ्याच्या टप्प्यात नीट येत नाही. तरी स्टेमवरच्या खटक्यांपेक्षा शंभर पटीने बरं. ज्यांनी अशी सायकल घेऊन झाली आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा आणि इथेच थांबावं.

मी थांबायला तयार नव्हतो. मला क्लॅरिस हवं होतं, म्हणजे मागे आठ गिअर. नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो तर त्याने चाक हातात घेऊन दाखवलं: ‘यात कॅसेट नाही, फ्रीव्हील आहे.’ फरक असा, की फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी फिरवून बसवलेलं असतं, तर कॅसेट हबच्याच फ्रीहब नावाच्या खाचांच्या भागावर सरकवून बसते. म्हणजे क्लॅरिसची कॅसेट घालायची तर मागचं चाक नवं. चाक आलं की कॅसेट, लिव्हर, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), पुढचा डिरेलर, केबल आणि चेन. त्याने बिलाच्या मागे आकडे मांडले, बेरीज पंधरा हजारांच्या घरात गेली. ‘साहेब, एवढ्यात दुसरी सायकल येईल की,’ असं तो सहज म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फ्रीव्हीलचा आणखी एक दोष नंतर कळला. त्यात उजव्या बाजूचे छर्रे बरेच आत बसतात, त्यामुळे एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर राहतो. वजनदार माणूस आणि आपले गतिरोधक, एक दिवस एक्सल वाकला. नवा एक्सल स्वस्तात मिळाला, अर्ध्या तासाचं काम होतं. पण तेव्हापासून प्रत्येक धक्क्याला कान मागे लागायचे.

शेवटी बाणेरच्या एका मुलाकडून क्लॅरिसवाली घेतली. तो जर्मनीला निघाला होता आणि त्याला महिन्याअखेरपर्यंत घर रिकामं करायचं होतं. अशी माणसं शोधा, घासाघीस फार करावी लागत नाही. साडेसव्वीस हजारांना मिळाली. वर चेन, केबल, हँडलची टेप आणि ११-३२ ची कॅसेट (सर्वांत लहान चकती ११ दात्यांची, सर्वांत मोठी ३२ ची) मिळून चारेक हजार गेले. तो माझ्यापेक्षा उंच, म्हणून स्टेम ११० मिलिमीटरचा काढून ८० चा घातला.

हात हूडवर, बोटं ब्रेकवर, आणि त्याच लिव्हरला आत ढकललं की गिअर. पहिल्या आठवड्यात मी गरज नसताना गिअर बदलत होतो, नुसत्या आनंदाने. घाटातही हिशोब सोपा झाला. दोन्ही सायकलींना पुढे लहान चेनचाक ३४ दात्यांचंच. कोरीला मागे सर्वांत मोठी चकती २८ ची, हिला ३२ ची. कागदावर तेरा टक्क्यांच्या आसपास हलकं. पायाला ते ‘बसून चढता येतं’ इतकं जाणवतं. सिंहगडाचा रस्ता पहिल्यांदा न उतरता चढलो तो हिच्यावर. आधीच्या सायकलवर २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) १४० ला सोडली होती, हिच्यावर साडेतेरा तासांच्या मुदतीत पंचवीस मिनिटं राखून पूर्ण केली. आता यात सायकलचा वाटा किती आणि मधल्या वर्षभराच्या सरावाचा किती, ते मला खात्रीने सांगता येणार नाही. गुडघा मात्र गप्प आहे.

पुढची सोयही इथे आहे. शिमानोच्या आठ, नऊ आणि दहा गिअरच्या नेहमीच्या कॅसेट एकाच फ्रीहबवर बसतात. उद्या सोरा किंवा टिआग्रा या वरच्या ग्रुपसेटवर जायचं मनात आलं तर चाक बदलावं लागत नाही. मी अजून गेलेलो नाही. बायकोने मागच्या दिवाळीला हिशोब काढून दाखवल्यापासून विषय बंद आहे.

जुनी घेताना काय बघायचं, तर खिशात फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या मोजल्या की बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन संपली. एक अष्टमांश इंचापर्यंत वाढली असेल तर बहुधा कॅसेटही संपली, तेवढे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. मागून उभं राहून डिरेलरचा हँगर (डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) बघा, आत वाकलेला असेल तर सायकल उजव्या अंगावर पडलेली आहे. सीटची नळी वरखाली होते का ते करून बघा. मुंबई-कोकणाकडून आलेल्या सायकलींमध्ये ती खाऱ्या हवेने फ्रेममध्ये घट्ट बसलेली असू शकते, आणि मग निघता निघत नाही. आणि गिअरचा लिव्हर नुसताच पोकळ हलत असेल, खटका लागत नसेल, तर घाबरू नका. सायकल नुसती पडून राहिली की लिव्हरमधलं ग्रीस घट्ट होतं. माझ्या उजव्या लिव्हरचं तेच झालं होतं. आत स्प्रे मारून पन्नास-साठ वेळा दाबत बसलो, मग खटका परत आला. घेताना मात्र चेहरा पाडून ‘लिव्हर गेलाय’ एवढं म्हणायला हरकत नाही. मी म्हणालो होतो.

कोरीच्या बाजूने बोलायचं तर तिचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड होता, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरून मिळायची. क्लॅरिसवालीचा प्रेस्टा, बारीक. पंक्चरवाल्याचा पंप बसावा म्हणून लागणारी त्याची पितळी टोपी सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावी लागते, आणि मी ती दोनदा हरवली आहे. ज्यांना रोज सपाट रस्त्याने सात-आठ किलोमीटर ऑफिस गाठायचंय, त्यांना स्टेमवरचे खटके कदाचित कधीच खुपणार नाहीत. त्यांनी उगाच बाणेरच्या मुलांच्या मागे लागू नये.

आणि मापाचं. जुन्या बाजारात मला दिसलेल्या बहुतेक सायकली पाच फूट सात इंचांच्या पुढच्या माणसांच्या. माझ्या बहिणीची उंची पाच फूट एक. तिच्यासाठी सहा महिने शोधलं, लहान फ्रेमची क्लॅरिसवाली एकही सापडली नाही. मोठी फ्रेम घेऊन सीट खाली करण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, हँडलपर्यंतचं अंतर सीटने कमी होत नाही. शेवटी तिला दुकानातली कोरी, तिच्या मापाची, घेऊन दिली आणि दुकानातून बाहेर पडण्याआधीच तिला टूर्नीचे लिव्हर बसवून घेतले. माझी जुनी कोरी भाच्याकडे आहे. तो कॉलेजला जाताना एकाच गिअरवर चालवतो, आणि त्याचं काही अडत नाही.