फ्रेजल व्हर्बसाठी अँकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'ऑफ', 'अप' असे छोटे शब्द जोडून बनणारं इंग्रजी क्रियापद, नेमकं निवडता यावं, एवढ्याच कामासाठी मी काही महिने अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांनी उजळणी करून घेणारं अ‍ॅप वापरते आहे. 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' यांचे अर्थ यादीवरून पाठ होतात, पण वाक्य लिहायला बसलं की तिन्ही एकदम समोर येतात. वाक्यातला एक तुकडा झाकणाऱ्या क्लोझ कार्डांचा इथे खरा उपयोग झाला.

मात्र सगळी भिस्त कार्डावरच्या वाक्यावर आहे. 'दे ___ ऑफ द मॅच' यात 'कॉल्ड'ही बसतं आणि 'पुट'ही. सामना रद्द झाला की पुढे ढकलला, हे कळायला काहीच आधार नाही. शेवटी 'अंटिल संडे' जोडलं की 'पुट'च उरतं. 'गेव्ह ___' पुढे 'टू देअर डिमांड्स' असेल तर 'इन', आणि 'स्मोकिंग' असेल तर 'अप'. असा धागा वाक्यात ठेवायला वेळ लागतो, पण अर्धा अभ्यास त्यातच होतो. म्हणून मी पाहिलेले तयार डेक (कार्डांचे संच) मला पटले नाहीत: एका बाजूला क्रियापद, दुसऱ्या बाजूला अर्थ. निवड करायची वेळच येत नाही.

सर्वनामाची कार्डं वेगळी करा, हे आवर्जून सांगेन. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतात, पण 'इट' आलं की फक्त 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर' मात्र कधीच तुटत नाही. तसंच 'टाइम रॅन आउट', पण 'वी रॅन आउट ऑफ टाइम'. इथे मधलं 'ऑफ' झाकायचं.

उजळणीचं वेळापत्रक उत्तम आहे. २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून एफएसआरएस हा पर्याय आला. तो आपल्याच उत्तरांच्या नोंदींवरून पुढची तारीख ठरवतो. मी तो सुरू ठेवला आहे.

खटकतं ते एवढंच, की काही दिवसांनी वाक्याचा चेहराच ओळखीचा होतो आणि विचार न करता उत्तर येतं. अशी कार्डं काढून मी त्याच क्रियापदाचं नवं वाक्य घालते. शिवाय आपण स्वतः रचलेलं वाक्य बरोबर आहे का, हे अँकी सांगत नाही. त्यासाठी शब्दकोशातली उदाहरणं उघडावीच लागतात. संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी मोफत आहे, आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं.